नवीन गोड्या पाण्याची टाकी: अमोनिया, नायट्राइट, केएच आणि पाणी बदलायचं गणित

पाणकाठ

नव्या टाकीत पहिल्या महिन्यात मासे दगावले की लगेच औषधाची बाटली आणली जाते. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो, आणि ते पाणी दिसायला अगदी नितळ असतं. म्हणून हा धागा फक्त पाण्यावर. मासे कोणते घ्यावेत, सजावट कशी करावी, हे विषय इथे नकोत.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेलं खाणं, विष्ठा, कुजलेली पानं यांतूनही अमोनियाच तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंज, सिरॅमिक रिंग, खडी असा चिकटायला पृष्ठभाग आणि प्राणवायू असलेलं वाहतं पाणी मिळेल तिथे त्यांचा थर बसतो. त्यांची वाढ संथ असते, त्यामुळे बाहेरून जिवाणू न आणता सुरुवात केली तर टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे धरा. फिल्टर नुसता आठवडाभर चालवून ठेवण्याचा उपयोग नाही. अमोनिया मिळाल्याशिवाय ते वाढतच नाहीत.

माझ्या मते मासे न घालता टाकी तयार करणं हाच सरळ मार्ग.

सगळ्यात आधी टाकीत खरं पाणी किती ते काढा. आतली मापं ६० × ३० × ३६ सेंमी असली तर हिशेब ६४.८ लिटर येतो. पण वर ४ सेंमी रिकामी सोडली की ५७.६ उरतात, आणि तळाशी ५ सेंमी खडी असेल तर ती आणखी पाचेक लिटर जागा खाते. म्हणजे खरं पाणी सुमारे ५२ लिटर. पुढची प्रत्येक मात्रा या ५२ वर काढायची, दुकानातल्या लेबलवरच्या आकड्यावर नाही.

क्लोरीन काढलेलं पाणी भरा, फिल्टर आणि हीटर चालू करा, तापमान २६ ते २८ अंशांवर ठेवा. अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध नवसागर. कल्हईसाठी मिळणाऱ्या नवसागराच्या शुद्धतेची खात्री नसते, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. ६ ग्रॅम नवसागर थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण द्रावण १०० मिली करा. या द्रावणाचा १ मिली १० लिटर पाण्याला साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिग्रॅ) अमोनिया देतो. आपल्या ५२ लिटरला ५.२ मिली.

दर दुसऱ्या दिवशी पाणी तपासायच्या किटनं मोजा. अमोनिया ०.२५ च्या खाली आला की पुन्हा मात्रा द्या. नायट्राइट दिसू लागलं की मात्रा अर्धी करा, १ पीपीएम पुरे. अमोनिया ४ पीपीएमच्या वर नेऊ नका. जास्त घातल्यानं काम लवकर होत नाही, उलट अडकतं. २ पीपीएम अमोनियाचं पूर्ण रूपांतर झालं की सुमारे ५.४ पीपीएम नायट्राइट होतं, आणि बहुतेक किटचा रंग ५ लाच संपतो. किट सगळ्यात गडद रंग दाखवत असेल तर १ भाग टाकीचं पाणी आणि ४ भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि आकडा पाचनं गुणा. नाहीतर नायट्राइट उतरतंय की चढतंय हे आठवडाभर कळत नाही.

२ पीपीएम दिल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं की टाकी तयार. मग ८० ते ९० टक्के पाणी बदलून नायट्रेट खाली आणा आणि मासे सोडा. मासे यायला उशीर असेल तर रोज १ पीपीएमची मात्रा चालू ठेवा.

क्षारमित्र

सगळं बरोबर, पण केएच (कार्बोनेट कडकपणा, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) राहिला, आणि अर्ध्या टाक्या तिथेच अडतात.

जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातले बायकार्बोनेट खातात. १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मिग्रॅ क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) संपते. २ पीपीएम अमोनियाच्या एका मात्रेत १.६५ मिग्रॅ नायट्रोजन असतो, म्हणजे प्रत्येक मात्रा सुमारे ११.८ मिग्रॅ क्षारता नेते. केएचच्या एका अंशात १७.९ मिग्रॅ येतात, तेव्हा एका मात्रेला जवळपास दोन तृतीयांश अंश गेला. पाणी आरओ मिसळलेलं किंवा मुळातच मऊ असेल आणि केएच २ असेल, तर तिसऱ्या मात्रेनंतर काही शिल्लक राहत नाही. पीएच कोसळतो. ६.५ च्या खाली हे जिवाणू मंदावतात, ६ च्या आसपास जवळजवळ थांबतात. मग 'अमोनिया दोन आठवडे हलतच नाही' अशी तक्रार येते आणि लोक जिवाणूंची आणखी एक बाटली ओततात. बाटलीनं काय होणार? पीएच आणि केएच मोजा.

उपाय: खाण्याचा सोडा. १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की केएच १ अंशानं वाढतो. मासे नसताना केएच एकदम ५-६ पर्यंत नेला तरी चालतं. मासे असतील तर दिवसाला एका अंशाहून जास्त नको. बेकिंग पावडर वापरू नका, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं. कायमची सोय हवी तर फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा ठेवा. तो सावकाश विरघळतो आणि आम्लता वाढली की जास्त विरघळतो.

निळीपेटी

पाणकाठ यांनी सांगितलेली पद्धत नव्या टाकीला ठीक. पण टाकीत मासे आधीच सोडलेले असले तर? समजा पाणी ५२ लिटरच, अमोनिया १ पीपीएम, नायट्राइट ०.५, पीएच ८.०, तापमान २५. मासे वर येऊन तोंड मारताहेत. पाणी बदललं तर सायकल (जिवाणूंची बसलेली घडी) तुटेल असं काही जण सांगतात. क्रम काय असावा?

रंगपट्टी

सायकल तुटत नाही. जिवाणू फिल्टरमध्ये आणि खडीवर आहेत, पाणी उपसल्यानं ते जात नाहीत. हा गैरसमज मासे मारतो.

आता तुमच्या आकड्याचा अर्थ. किट जो अमोनिया दाखवतो तो एकूण असतो: त्यात काही भाग मुक्त अमोनिया, बाकी अमोनियम. कल्ले जाळतो तो मुक्त अमोनिया. २५ अंशांना पीएच ७ वर एकूणच्या सुमारे ०.६ टक्के, ७.५ वर १.८ टक्के, ८ वर ५.४ टक्के आणि ८.५ वर तब्बल १५ टक्के मुक्त असतो. १ पीपीएम हा आकडा पीएच ७ ला ०.००६ होतो आणि पीएच ८ ला ०.०५४. सर्वसाधारण वापरात ०.०२ च्या वर काळजीचं मानतात. म्हणून पीएच न सांगता विचारलेल्या 'अमोनिया १ आहे, काय करू?' या प्रश्नाला उत्तरच नसतं.

तुमच्या उदाहरणात पहिल्यांदा अर्धं पाणी बदला, तापमान एक-दोन अंशांत जुळवून आणि क्लोरीन काढून. एकूण अमोनिया ०.५ वर येईल, मुक्त ०.०२७. अजून जास्तच. तीन-चार तासांनी पुन्हा अर्धं. आता ०.२५ आणि ०.०१३. इथे थांबायला हरकत नाही. हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावून बुडबुडे सोडणारा) रात्रंदिवस चालू ठेवा. दोन-तीन दिवस खाणं बंद. निरोगी मोठ्या माशांना त्यानं काही होत नाही. त्यानंतर रोज मोजा आणि मुक्त अमोनिया ०.०२ च्या वर जातो असं दिसलं, किंवा नायट्राइट ०.५ ओलांडतंय असं दिसलं, की अर्धं पाणी बदला. हे तीन-चार आठवडे चालतं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

नायट्राइटसाठी साधं मीठ. नायट्राइट कल्ल्यांतून क्लोराइडच्याच वाटेनं आत शिरतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्याच्या कामातून बाद करतं. म्हणूनच पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पाण्यात क्लोराइड भरपूर असलं की ती वाट अडते. १० लिटरला १ ग्रॅम मीठ घातलं की ६० मिग्रॅ क्लोराइड प्रतिलिटर मिळतं आणि नव्या टाकीतल्या नेहमीच्या नायट्राइटला ते पुष्कळ होतं. मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून घाला. नंतर पाणी बदलाल तेव्हा फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच घाला. मीठ उडून जात नाही.

हिरवातळ

मिठाबद्दल थोडं सावध राहावं. कोरीडोरस, लोच (तळाशी फिरणारे मासे) आणि वनस्पती मीठ सोसत नाहीत असं सगळीकडे वाचायला मिळतं.

रंगपट्टी

ते रोगोपचाराच्या मात्रेबद्दल असतं, लिटरला १ ते ३ ग्रॅम. इथे लिटरला ०.१ ग्रॅम आहे, दहा ते तीस पटींनी कमी. या मात्रेला कोरीडोरसही चालतात आणि झाडंही.

हिरवातळ

मान्य. मग झाडांबद्दल माझी भर. नव्या टाकीत पहिल्या दिवसापासून भराभर वाढणारी झाडं घाला: हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट, हायग्रोफिला, वर तरंगणारी कोणतीही. ती अमोनियम थेट शोषतात, नायट्रेटपेक्षा आवडीनं. अनुबियास आणि जावा फर्न सुंदर असतात, पण त्यांची वाढ इतकी संथ असते की या कामाला त्यांचा भरवसा नाही.

एक धोका मात्र झाडांच्या टाक्यांतच असतो. खतयुक्त माती तळाला घातली असेल तर पहिले काही आठवडे ती स्वतःच अमोनिया सोडते, कधीकधी २-३ पीपीएमपर्यंत. तिथे नवसागर घालू नका. आधी मोजा. शिवाय अशा काही माती केएच शोषून पीएच ६.५ च्या खाली ठेवतात, म्हणजे क्षारमित्र यांनी सांगितलेली अडचण तिथे मातीमुळेच येते. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी अर्धं पाणी बदलणं हाच तिथला उपाय.

नळकरी

क्लोरीनवर कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर उघड्या बादलीत हवेचा दगड लावून २४ तास ठेवल्यावर तो उडतो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) असं उडत नाही. तुमच्या भागात कोणतं वापरतात ते पाणीपुरवठा खात्याकडून समजून घ्या, किंवा एकूण क्लोरीन आणि मुक्त क्लोरीन वेगवेगळं दाखवणारी चाचणी घ्या. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर क्लोरामाइन आहे असं धरा.

सोडियम थायोसल्फेट दोन्हींतला क्लोरीन लगेच मारतो. १० ग्रॅम स्फटिक विरघळवून १०० मिली द्रावण करा, १० लिटरला १ मिली घाला. एवढ्यानं सुमारे १.४ पीपीएम क्लोरीन निघतो. पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर दुप्पट घाला, त्यानं अपाय नाही. नळीनं थेट टाकीत पाणी भरत असाल तर मात्रा बदललेल्या पाण्याची नाही, पूर्ण टाकीची काढा आणि भरायच्या आधी घाला. आधी भरून मग औषध घातलं तर मधल्या वेळात क्लोरीन फिल्टरमधून फिरून जातो.

क्लोरामाइन तोडलं की त्यातला अमोनिया पाण्यात उरतो. १ पीपीएम क्लोरामाइनमागे जवळपास पाव पीपीएम. तयार टाकी तो काही तासांत पचवते. नव्या टाकीसाठी अमोनिया बांधणारं औषधच घ्या.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी असू शकतो. उपसल्याबरोबर मोजलेला पीएच ७.० आणि दिवसभर हवा दिल्यावर ७.८ असं होतं. दुसरा आकडा खरा धरा. नायट्रेटही एकदा मोजून ठेवा.

निळीपेटी

अमोनिया बांधणारं औषध घातल्यावर किट अमोनिया दाखवतोच. मग औषध चाललं की नाही हे कसं कळणार?

रंगपट्टी

दोन प्रकारचे किट असतात. एका बाटलीचा, पिवळा ते तपकिरी रंग देणारा नेसलर किट अशा औषधांसोबत चुकीचा आकडा देतो, त्यावर विसंबू नका. दोन बाटल्यांचा, पिवळा ते हिरवा रंग देणारा सॅलिसिलेट किट बांधलेला अमोनियाही एकूणात धरतो. तो वापरा आणि औषधाचा परिणाम साधारण एक दिवसच टिकतो असं समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

किटवरून आणखी तीन गोष्टी. दोन बाटल्यांच्या नायट्रेट किटमध्ये दुसऱ्या बाटलीच्या तळाशी चूर्ण बसतं. बाटली ३० सेकंद जोरात आणि मग नळी पूर्ण १ मिनिट हलवली नाही तर नायट्रेट कमी दिसतं. 'माझं नायट्रेट कायम ५' असं सांगणाऱ्यांनी आधी हे तपासावं. दुसरं, थेंब पाडताना बाटली उभी उलटी धरा, तिरकी धरली की थेंबांचा आकार बदलतो. तिसरं, आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेट-नायट्रोजनचा हे माहितीपत्रकात बघा. नायट्रोजनचा असेल तर नायट्रेटसाठी ४.४ नं आणि नायट्राइटसाठी ३.३ नं गुणायचं. दोघांच्या आकड्यांची तुलना होते तेव्हा निम्मे वाद यातूनच निघतात.

स्पंजवाला

वेळ वाचवायचा असेल तर चालू टाकीतला जुना स्पंज किंवा मूठभर रिंग मिळवा. त्याच पाण्यात बुडवून आणा आणि तासा-दोन तासांत फिल्टरमध्ये लावा. वाळू देऊ नका. यानं चार आठवड्यांचं काम एका आठवड्यात होऊ शकतं. ती टाकी निरोगी आहे याची खात्री करा, कारण जिवाणूंबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि गोगलगायीही येतात.

बाटलीतल्या जिवाणूंना सरसकट नावं ठेवू नयेत. चांगल्या बाटलीनं फरक पडतो, पण उन्हात, गरम गोदामात पडलेल्या बाटलीत जिवंत काही उरत नाही. बनवल्याची तारीख बघा, आणि घटकांत नायट्रोस्पायरा आहे का तेही. जुन्या पुस्तकांत नायट्राइट संपवणारा म्हणून नायट्रोबॅक्टर दिलेला असतो. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, हे १९९० च्या दशकातल्या जनुकीय तपासण्यांतून पुढे आलं. 'गाळ खाणारे जिवाणू' असं लिहिलेली बाटली वेगळ्याच जातींची असते, तिचा इथे उपयोग नाही.

फिल्टरची सफाई: पहिले दोन महिने पाण्याचा जोर खरोखर कमी झाल्याशिवाय हात लावू नका. लावाल तेव्हा टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज दोन-तीनदा पिळा, बस. नळाखाली नाही. दर महिन्याला 'काडतूस' बदला असं खोक्यावर छापलेलं असतं, ते ऐकलंत तर दर महिन्याला टाकी नव्यानं सुरू कराल. स्पंज फाटेपर्यंत चालतो. बदलावाच लागला तर नवा आणि जुना महिनाभर शेजारी-शेजारी चालवा.

वीज गेली तर बंद कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायच्या डब्यातल्या) फिल्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो आणि आतलं पाणी सडू लागतं. बराच वेळ वीज नसेल तर परत आल्यावर तसाच चालू करू नका. आतलं पाणी ओतून द्या, टाकीच्या पाण्यानं भरा, मग सुरू करा. जास्त वेळ लागणार हे आधीच माहीत असेल तर स्पंज आणि रिंग काढून सरळ टाकीत टाकून ठेवा.

हिरवातळ

दोन घाबरवणाऱ्या पण निरुपद्रवी गोष्टी नोंदवतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं: ते सेंद्रिय कचऱ्यावर जगणाऱ्या दुसऱ्याच जिवाणूंचं पीक असतं, काही दिवसांत बसतं. ते प्राणवायू खातात म्हणून हवा वाढवा, खाणं कमी करा. पाणी स्वच्छ करणारी रसायनं नकोत. भरल्याबरोबर गढूळ असेल तर ती नुसती न धुतलेल्या खडीची धूळ. आणि काचेवर, पानांवर तपकिरी साय येते ती डायटम शैवालाची. बोटानं पुसली जाते, महिन्या-दोन महिन्यांत आपोआप कमी होते.

क्षारमित्र

टाकी तयार झाल्यावर पाणी किती बदलायचं, यावर दर वेळी मतं मागवली जातात. हे मताचं काम नाही, गणित आहे.

आठवड्याला नायट्रेट जेवढं वाढतं त्याला बदललेल्या भागानं भागा आणि नळाच्या पाण्यातलं नायट्रेट मिळवा. पाणी बदलण्याआधीचा कमाल आकडा शेवटी तिथे जाऊन स्थिरावतो. वाढ आठवड्याला १० पीपीएम, नळात ५ पीपीएम असेल तर २५ टक्के बदलून कमाल ४५ वर जाते. ५० टक्के बदलून २५ वर थांबते. १० टक्के बदलणाऱ्याच्या टाकीत ती १०५ पर्यंत चढते, फक्त सावकाश, म्हणून कित्येक महिने कळत नाही. २० ते ४० च्या खाली ठेवायचं असेल तर कोणता हिशेब घ्यायचा ते यातून दिसतंच.

वाढ किती होईल तेही खाण्यावरून काढता येतं. मत्स्यशेतीत वापरतात ते सूत्र: खाण्याचं वजन गुणिले प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२. ४० टक्के प्रथिनं असलेलं १ ग्रॅम खाणं म्हणजे सुमारे ३७ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजन. १०० लिटरमध्ये तो ०.३७ पीपीएम, म्हणजे नायट्रेटच्या हिशेबात सुमारे १.६. रोज १ ग्रॅम घातलं तर आठवड्याला ११ पीपीएम. न खाल्लेलं खाणं कुजलं तर जवळपास दुप्पट. म्हणून नव्या टाकीत मासे वाढवायचे ते एकदम नाही: थोडे सोडा, आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य राहिलं तर पुढचे. जिवाणूंची संख्या रोजच्या खाण्याएवढीच असते, जास्तीचे साठून राहत नाहीत.

वाफेनं कमी झालेलं पाणी भरताना आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या. वाफ होताना क्षार मागेच राहतात. दर वेळी नळाचंच भरलं तर कडकपणा चढत जातो.

पाणकाठ

सूत्राबद्दल आभार, ते मुख्य धाग्यात असायला हवं होतं.

एक इशारा राहिला, तो महत्त्वाचा. बरेच दिवस पाणी बदललं नाही आणि पीएच ६ पर्यंत उतरला, तर जिवाणू थांबलेले असतात आणि एकूण अमोनिया ४-५ पीपीएमही साठलेला असतो. मासे तरीही बरे दिसतात, कारण त्या पीएचला जवळजवळ सगळं अमोनियमच असतं. अशा टाकीत पीएच ८ चं नळाचं पाणी एका झटक्यात ६० टक्के घातलं की अमोनिया निम्म्याहून कमी होऊनही मुक्त भाग कितीतरी पटींनी वाढतो, आणि त्याच संध्याकाळी मासे जातात. अशी टाकी समोर आली तर आधी पीएच आणि अमोनिया मोजा, मग दिवसातून दोनदा १० टक्के पाणी बदला. पहिल्या दिवसापासून अमोनिया बांधणारं औषध पूर्ण टाकीच्या मात्रेत द्या. एकूण अमोनिया ०.५ च्या खाली आल्यावरच सोड्यानं केएच दिवसाला अर्धा अंश वाढवा. जिवाणू पुन्हा कामाला लागायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर खाणं एक दिवसाआड.